पडदा सरळ केला, तरी नाक पुन्हा का चोंदतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी भावाचा प्रश्न आहे. वय ३४. गेल्या वर्षी मे महिन्यात नाकाच्या वाकड्या पडद्याचं ऑपरेशन झालं. चार-पाच महिने नाक इतकं मोकळं होतं की तोंड मिटून झोप लागायची. सोयाबीन निघायच्या सुमारास ते पुन्हा चोंदायला लागलं. आता रात्री कधी डावी नाकपुडी बंद, कधी उजवी. कूस बदलली की बाजू बदलते. मेडिकलमधून आणलेले थेंब टाकल्याशिवाय झोप नाही, याला सात-आठ महिने झाले. एका ठिकाणी दाखवलं तेव्हा ‘हाड पुन्हा वाढलं, परत ऑपरेशन करावं लागेल’ असं सांगितलं गेलं. पेरणीसाठी ठेवलेले पैसे यात घालू का, असं ते विचारतात.

भाऊ, पेरणीचे पैसे तूर्त पेरणीलाच राहू द्या. दुसरं ऑपरेशन लागणारच नाही, असं न तपासता मी म्हणू शकत नाही. पण तुम्ही जे लिहिलंत त्यातल्या तीन गोष्टी वाचून माझं लक्ष हाडाकडे गेलंच नाही.

गेली सत्तावीस वर्षं मी वर्धा-यवतमाळ पट्ट्यात कान-नाक-घशाचे रुग्ण तपासतो. ‘हाड पुन्हा वाढलं काय जी?’ हा प्रश्न जवळपास दर आठवड्याला कानावर येतो, आणि ‘वाढलं’ या शब्दानेच सगळा घोटाळा होतो. दोन नाकपुड्यांच्या मधे एक पडदा असतो. त्याचा पुढचा भाग कूर्चेचा, कानाच्या वरच्या भागासारखा लवचिक. मागचा भाग पातळ हाडाचा. हा पडदा कुणाचा जन्मतः, कुणाचा लहानपणी नाकावर मार लागून एका बाजूला झुकतो. ऑपरेशनमध्ये त्याच्यावरचं नाजूक अस्तर उचलतात, वाकडा भाग सरळ करतात किंवा तेवढाच काढतात आणि अस्तर परत बसवतात. मोठ्या माणसाचं काढलेलं हाड पुन्हा उगवत नाही. कूर्चेला मात्र तिचं मूळचं वळण आठवतं. ओला बांबू ताणून सरळ केला तरी सोडल्यावर थोडा मागे येतो, तसं तिचं होतं. म्हणून काहींचा पडदा ऑपरेशननंतरच्या काही महिन्यांत पुन्हा थोडा कलतो. पण कलला की तो एकाच बाजूला कलतो आणि तिथेच राहतो. सोयाबीनचा हंगाम बघून तो कलत नाही, आणि कूस बदलली म्हणून डावीकडून उजवीकडे जात नाही.

तुमची बाजू बदलते, ही पहिली खूण. आपल्या नाकाला एक चक्र आहे. बहुतेक माणसांत दर काही तासांनी एका नाकपुडीचं अस्तर फुगतं आणि दुसरीचं ओसरतं. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. कुशीवर झोपलं की खालच्या बाजूच्या नाकपुडीत रक्त जास्त उतरतं आणि ती जास्त फुगते. अस्तर आधीच सुजलेलं असेल तर हेच साधं चक्र रात्री जीव घाबरा करतं. फुगणारी आणि ओसरणारी वस्तू म्हणजे अस्तर. हाड फुगत नाही.

नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर प्रत्येक बाजूला तीन मांसल वळ्या असतात. आम्ही त्यांना टर्बिनेट म्हणतो. लोक ‘नाकात मास वाढलं’ म्हणतात तेव्हा बरेचदा यातली सगळ्यात खालची वळी त्यांना दिसलेली असते. हवा गरम करणं, ओली करणं, गाळणं हे तिचं काम. पडदा वर्षानुवर्षं डावीकडे झुकलेला असेल तर उजवीकडे मोकळी जागा उरते आणि तिथली वळी हळूहळू मोठी होऊन ती जागा भरते. मग आम्ही पडदा मध्यावर आणतो, आणि आजवर मोकळी असलेली उजवी बाजूच अरुंद होते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः असे काही पडदे सरळ केले आणि वळीकडे पुरेसं बघितलं नाही. एक शिक्षक वर्षभराने आले आणि म्हणाले, ‘डॉक्टर, तुम्ही एक खिडकी उघडली, दुसरी लावली.’ त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून पडद्याचा निर्णय घेताना मी दोन्ही बाजूंच्या वळ्या आणि ॲलर्जीची खूण पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

दुसरी खूण हंगामाची. तुमचा त्रास सोयाबीनच्या मळणीपासून सुरू झाला. थ्रेशरच्या तोंडाशी उभं राहून ज्याने एक दिवस काम केलं त्याला त्या धुळीबद्दल मी काय सांगणार. कुटार उडतं, त्यात बुरशीचे कण असतात, पावसात भिजलेल्या गंजीत तर फारच. त्यानंतर लगेच कापूस वेचणी, मग तूर, मग गव्हाची मळणी. धुऱ्यावर गाजर गवत फुललेलं असतं. त्याचे परागकण नाकालाही सोसत नाहीत आणि कातडीलाही. घरात चूल असेल तर तिचा धूर आहेच. आणि मार्चपासून आपल्याकडे कूलर लागतो. पारा ४५ च्या वर जातो तिथे कूलर बंद ठेवा असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण गेल्या साली लावलेल्या ताट्या, टाकीतलं हिरवट पाणी आणि तोंडावर सोडलेला झोत, हे तिन्ही एकत्र आले की रात्रभर बुरशीचा वारा नाकात जातो. उन्हाळ्यात तुमचा त्रास कमी झाला नाही, यात मला कूलरचा हात दिसतो.

ऑपरेशनने वाट रुंद होते, ॲलर्जी जात नाही. ऑपरेशनआधी तुम्हाला सकाळी शिंका, नाक-डोळे खाजणं, पाण्यासारखं नाक वाहणं होतं का? असेल तर ते तेव्हाही होतं, आताही आहे. मधले चार-पाच महिने रुंद वाटेमुळे ते झाकलं गेलं. त्यातले पहिले काही महिने तर पावसाळ्याचे, वावरात धूळ नसलेले.

तिसरी खूण मला सगळ्यात जास्त काळजीत टाकते: ते थेंब. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन या औषधांचे थेंब पाच-दहा मिनिटांत नाक उघडतात, म्हणून माणूस त्यांच्यावर विसंबतो. ते अस्तरातल्या रक्तवाहिन्या आवळतात. असर ओसरला की त्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात, म्हणून पुन्हा थेंब. पाच-सात दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाक थेंबांशिवाय उघडायचंच विसरतं. मग दोनाचे चार थेंब होतात, रात्रीचे दिवसाही लागतात. यात दुखत नाही, ताप येत नाही, म्हणून हे औषधानेच झालंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याकडे ‘ऑपरेशन फेल गेलं’ म्हणून आलेल्या कितीतरी जणांच्या शर्टाच्या खिशात ही छोटी बाटली असते. ज्यांना ब्लडप्रेशर आहे त्यांना तर हे थेंब आणखी जपून. नाकाला लावायच्या बामचंही सांगतो: त्यातल्या मेंथॉलने नाकाला थंडावा जाणवतो आणि मोकळं झाल्यासारखं वाटतं, वाट मात्र तेवढीच राहते.

तेव्हा आधी तपासून घ्या, आणि नीट तपासून घ्या. टॉर्च मारून पुढून बघितलं की नाकाचा फक्त दर्शनी भाग दिसतो. दुर्बिणीने आतपर्यंत बघायला पाच-सात मिनिटं लागतात. एक सोपी पण फार उपयोगी परीक्षा अशी: दुर्बिणीने एकदा बघायचं, मग नाक उघडणारं औषध एकदाच मारून दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा बघायचं. वाट मोकळी झाली तर दोष सुजेचा. तसूभरही फरक पडला नाही तर दोष रचनेचा, म्हणजे पडदा, नाकाची झडप किंवा आत चिकटलेल्या जागा; या दोन्हींबद्दल पुढे सांगतो. हे करण्याआधी निदान त्या दिवशी तरी तुमचे थेंब टाकू नका, नाहीतर परीक्षेचा निकालच बिघडतो.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट आहे. डोळ्याखालच्या गालावर, नाकाच्या अगदी शेजारी दोन बोटं ठेवा आणि गाल हलकेच बाहेर, कानाच्या दिशेने ओढा. श्वास एकदम सुटला तर नाकाच्या झडपेकडे बघायला हवं. नाकपुडीच्या थोडं आत, पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामधे १० ते १५ अंशांचा कोन असतो. सगळ्या नाकातली सगळ्यात अरुंद जागा तीच. जोरात श्वास ओढताना ती बाजू आत ओढली जाते. पडदा मध्यात कितीही सरळ असला आणि ही जागा आवळलेली राहिली, तर माणसाला आराम पडत नाही. मात्र सुजेच्या नाकातही गाल ओढल्यावर थोडं बरं वाटतं, म्हणून एवढ्यावरून स्वतःच निदान करू नका. डॉक्टरांना सांगा.

रचनेच्या दोषांपैकी आपल्या भागात मला वारंवार दिसणारा एक आहे, त्याच्यावर जरा थांबतो, कारण तो टाळता येतो. पडद्याच्या ऑपरेशननंतर आत ओली जखम असते. समोरासमोरच्या दोन ओल्या जागा, इकडे पडदा आणि तिकडे ती मांसल वळी, एकमेकींना लागल्या की चिकटतात आणि मधे पट्टा तयार होतो. म्हणून ऑपरेशननंतर नाकात भरलेले बोळे काढल्यावरही पहिल्या तीन-चार आठवड्यांत दोन-तीनदा दवाखान्यात येऊन खपल्या साफ करून घ्याव्या लागतात. आता आपल्याकडची परिस्थिती बघा. ऑपरेशन झालं नागपूरला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी. गाव तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. एसटी दिवसातून दोनदा. वावरात काम. माणूस बोळे काढून घरी जातो, नाक उघडलेलं असतं, त्याला वाटतं झालं आता. पुढची तारीख चुकते, आणि तीन महिन्यांनी पट्टा पक्का झालेला दिसतो. यात रुग्णाला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. पुन्हा का यायचं, हे दवाखान्यातून घरी सोडताना पाच मिनिटं बसून समजावणं आमचं काम आहे, आणि ते बरेचदा राहून जातं. दिलासा एवढाच की साधा पट्टा बहुधा छोट्या प्रक्रियेने सोडवता येतो. त्यासाठी पूर्ण ऑपरेशन पुन्हा करायची गरज नसते.

श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, खपल्या धरत असतील, अधूनमधून रक्त येत असेल, तर पडद्याला भोक पडलं आहे का ते बघावं लागतं. आणि ऑपरेशननंतर नाकावर मार लागला होता का, हे आठवून बघा. ढोराने मान झटकली, मोटारसायकलवरून पडलात, अशा गोष्टी आपल्याकडे कुणी सांगण्यासारख्या समजत नाही.

जुन्या ऑपरेशनांबद्दल एक वेगळी नोंद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०२ मध्ये शिकागोच्या फ्रीअर यांनी आणि १९०४ मध्ये जर्मनीच्या किलियन यांनी अस्तर राखून वाकडी कूर्चा आणि हाड काढण्याची पद्धत मांडली. पुढे कितीतरी दशकं पडद्याचा मोठा भाग काढण्यावर भर राहिला. त्या पद्धतीने ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांच्यातल्या काहींचा नाकाचा कणा पुढे खचला, काहींचा पडदा श्वासाबरोबर लपलपतो. आता वरची आणि पुढची निदान एक-एक सेंटिमीटरची चौकट राखूनच काम करतात. तुमचं ऑपरेशन गेल्या वर्षीचं आहे, त्यामुळे ही शक्यता तुमच्या बाबतीत मी मागे ठेवतो. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यांचं तरुणपणी झालं असेल आणि नाक वरून बसलं असेल, तर त्यांना दाखवा.

आता तुम्ही काय करायचं. थेंब सोडायचे, पण दोन्हीकडचे एकदम सोडून तुम्ही तीन रात्री जागाल आणि चौथ्या रात्री पुन्हा बाटली उघडाल. आधी एका नाकपुडीत टाकणं पूर्ण बंद करा, दुसरीत झोपताना चालू ठेवा. पहिली मोकळी राहायला लागली, साधारण आठ-दहा दिवसांत, की दुसरीचंही बंद करा. हे दिवस कठीण जातात, ते आधीच घरच्यांना सांगून ठेवा. पेरणीच्या धावपळीत नको वाटलं तर पेरणी उरकल्यावर करा, पण करा. याच काळात डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइडचा नाकात मारायचा स्प्रे सुरू करायचा, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा. हा त्या थेंबांसारखा लगेच गुण देत नाही. आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि मग रोज नेमाने सहा-आठ आठवडे घ्यावा लागतो. याची सवय लागत नाही. ‘चार दिवस मारला, काही झालं नाही, फेकला’ हे मी फार ऐकतो. जेनेरिक औषधांच्या दुकानात विचारा, तिथे खर्च कमी येतो.

स्प्रे मारायची पद्धतही महत्त्वाची. मान थोडी खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने, म्हणजे फवारा आपोआप बाहेरच्या भिंतीकडे, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने जातो. मधल्या पडद्यावर मारला तर तिथली जागा कोरडी पडून रक्त येतं. ऑपरेशन झालेल्या पडद्याला तर जपलंच पाहिजे. मारल्यावर जोरात ओढू नका, औषध घशात उतरतं आणि वाया जातं.

त्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुवा. एक पेला पाणी, साधारण २५० मिली, उकळून गार केलेलं. त्यात चहाच्या चमच्याने अर्धा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. विहिरीचं, बोअरचं किंवा नळाचं पाणी न उकळता नाकात कधीही घालू नका. कोमट गोड्या पाण्यात राहणारा एक अमिबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. हे फार क्वचित होतं, पण झालं तर जीव वाचणं कठीण असतं. शिंका आणि खाज जास्त असेल तर गोळी मिळेल, तिने शिंका थांबतील, चोंदलेपण मात्र फारसं हटत नाही. काही गोळ्यांनी झोप येते. ट्रॅक्टर किंवा गाडी चालवायची असेल तर तसं आधी सांगा.

मळणीच्या दिवसांत तोंडाला नुसता दुपट्टा बांधून बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क वापरा आणि थ्रेशरच्या वाऱ्याखाली उभे राहू नका. घरी आल्यावर आंघोळ आणि नाक धुणं, मग जेवण. कूलरच्या ताट्या दर हंगामाला नव्या, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची, झोत पायांकडे. तपकीर ओढत असाल तर बंद करा. बिडीचंही तेच.

एवढं दोन महिने नीट केल्यावर पुन्हा दुर्बिणीने बघायचं. तरीही वाट अडलेली असेल, दोष एका जागी बोट ठेवून दाखवता येत असेल, आणि तीच बाजू तुम्हाला त्रास देत असेल, तेव्हा दुसऱ्या ऑपरेशनचं बोलू. वळी मोठी असेल तर तिचा आकार आतून कमी करता येतो. ती पूर्ण काढू देऊ नका, कारण मग नाक कोरडं, खपल्यांनी भरलेलं राहतं आणि रिकाम्या नाकातही श्वास कोंडल्यासारखा वाटतो. पडदा पुन्हा उघडायचा असेल तर काम पहिल्यापेक्षा अवघड असतं. अस्तर चिकटून पातळ झालेलं असतं, भोक पडायची भीती जास्त. आधार द्यायला कधी कानाची, कधी बरगडीची कूर्चा घ्यावी लागते. म्हणून असं काम नेहमी करणाऱ्या सर्जनकडे जा. नागपूरचं मेडिकल, मेयो, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळचं मेडिकल कॉलेज, ही सगळी तुमच्या आवाक्यातली ठिकाणं आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, ते त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा, नंतर नाही.

काही गोष्टींना मात्र दोन महिने थांबायचं नाही. एकच बाजू सतत बंद आणि तिच्यातून रक्त किंवा दुर्गंधी येणं, गालाला सूज किंवा बधिरपणा, दिसण्यात फरक, मधुमेह असताना नाकातून काळपट स्राव. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने काय केलं ते आपण पाहिलं आहे. भंडारा-गोंदियाकडे, जिथे माणसं आणि ढोरं एकाच तलावात उतरतात, तिथे नाकात तुतीसारखा लाल, ठिपकेदार, हात लागताच रक्त येणारा गोळा दिसला तर तो ऱ्हायनोस्पोरिडिओसिस असू शकतो. तोही काढल्यावर परत येतो, आणि त्यालाही लोक ‘हाड वाढलं’ म्हणतात. त्याचं बूड जाळावं लागतं.

आणि तुम्ही रात्री घोरता का, झोपेत श्वास अडकून दचकून उठता का, हे घरच्यांना विचारून या. तसं असेल तर नाक उघडूनही काम पूर्ण होणार नाही, घसा आणि वजन बघावं लागेल. येताना पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि तेव्हाचा सीटी स्कॅन असेल तर तो आणा. त्रास कोणत्या महिन्यात सुरू झाला आणि तेव्हा वावरात काय काम चालू होतं, ते एका कागदावर लिहा. आणि ती थेंबांची बाटली सोबत ठेवा, रिकामी असली तरी.